अक्षरांचे वळण

गतवर्षी आमच्या थोरल्या वहिनी निवर्तल्या. तेराव्या दिवसाच्या पत्रिकेचे काम घरातील एका नातवाने अंगावर घेतले आणि सायंकाळी तो छापील नमुना घेऊन आला. मजकुरात काना-मात्रेचीही चूक नव्हती. परंतु अक्षरे पाहावीत तो वेलांट्यांना गिरक्या, उकारांना शेपट्या. बारशाच्या आमंत्रणास शोभावीत अशी! दादांनी पत्रिका हाती घेतली, क्षणभर पाहिली आणि खाली ठेविली.

"आजोबा, मजकूर तर तुम्ही सांगितलात तोच आहे," नातू गोंधळून म्हणाला.

"मजकूर तोच आहे रे बाळ, पण ही अक्षरे हसताहेत."

दादांच्या या उत्तराने आम्हांस विचार करावयास लाविले. शब्द व अर्थ यांचा संबंध कालिदासाने पार्वती-परमेश्वरांच्या ऐक्यासारखा मानिला. पण छापील शब्द अर्थापर्यंत पोहोचतो तो डोळ्यांच्या वाटेने, आणि त्या वाटेवर प्रथम भेटते ते अक्षराचे रूप. 'मुद्रा' म्हणजे ठसा आणि 'मुद्रा' म्हणजे चेहऱ्यावरील भावही. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत.

आपली मराठीही हे जाणते. अक्षरास वळण असते, तसे मुलासही वळण लावावे लागते. बाळबोध हे लिपीचे नाव. परंतु साध्या, सोवळ्या संसारासही आपण 'बाळबोध वळणाचे घर' म्हणतो. मोडी धावती, दप्तराची व हिशेबाची. बाळबोध ठाय, पोथीची. 'श्री' हे अक्षर एकीत पाहिले की खतावणी आठवावी आणि दुसरीत पाहिले की स्तोत्र आठवावे, असा हा संस्कार होता.

जावजी दादाजी यांनी मुंबईस १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढिला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्याच्या अक्षरांत बोरूचा जाड-बारीकपणा उतरला आहे. त्या ग्रंथांवर आम्ही संस्कृत शिकलो. आजही ते पान उघडले की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

रत्नागिरीचा तर या विषयाशी विशेष संबंध आहे. १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली. मुद्रणाचे खिळे कमी व्हावेत म्हणून इ, ई, उ, ऊ यांऐवजी अि, अी, अु, अू असे लिहावे, ही त्यांची सूचना 'किर्लोस्कर' मासिकाने उचलली. युक्तिवाद सरळ होता आणि उच्चारात तिळमात्र फरक नव्हता. तरीही 'ईश्वर' 'अीश्वर' झाला की पोथीवर पोसलेल्या डोळ्यांस देव परका वाटावा आणि सुधारकाच्या डोळ्यांस त्याच अक्षरात नवे युग दिसावे, हे स्वाभाविकच होते. पुढे ती बाराखडी रूढ राहिली नाही.

आज खिळ्यांची अडचण उरली नाही. संगणकावर शेकडो वळणे हाताशी आहेत, म्हणूनच निवडीचा विवेक अधिक हवा. लग्नपत्रिकेतील वेलबुट्टी वाईट नव्हे; ती तिच्या जागी शोभते. औषधाच्या सूचनेस नटवी अक्षरे देणे मात्र धोक्याचे, आणि मृत्युवार्तेस देणे निर्दयपणाचे. ज्याला पत्र जावयाचे तो कोणत्या मनःस्थितीत ते उघडील, एवढा प्रश्न आधी स्वतःस विचारावा.

नातवाने त्याच रात्री मजकूर पुन्हा जुळविला. या वेळी अक्षरे उभी, साधी, पुरेशा मोकळ्या ओळींची होती. वळणाचे नाव विचारता तो ओशाळून म्हणाला, "'मंगल'." प्रा. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी घडविलेले हे अक्षर. अशा पत्रिकेस हे नाव दादांना खटकेल, अशी आम्हांस भीती वाटली. पण त्यांनी वहिनींच्या नावावरून सावकाश बोट फिरविले आणि म्हणाले, "आता ही तिची वाटते."

अशुभाचे पत्र वाचून फाडून टाकावे, असा आपल्याकडे रिवाज. दादांनी ते पोथीत ठेविले आहे. आम्ही त्यांस काही विचारिले नाही.