नाताळगीताचा नवा साज

वसईच्या आमच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या मुलानें संगणक, गिटार आणि एक मायक्रोफोन एवढ्याच सामग्रीवर ‘सायलेंट नाइट’ या प्रसिद्ध नाताळगीतास घरच्या घरीं नवा साज चढविला व तो आमच्याकडे अभिप्रायार्थ धाडला. घरच्या मंडळींनीं ‘छान आहे’ म्हणून त्याची बोळवण केली होती. आजोबा मात्र ‘हा धांगडधिंगा चर्चमध्यें नको’ म्हणाले. दोन्ही उत्तरांनीं मुलाच्या हातीं कांहींच लागत नाहीं. म्हणून आम्हीं गीत तीनदां ऐकून त्यास जें कळविलें, तें येथें देत आहों. असे हौशी तरुण पुष्कळ घरीं असतील.

जुन्या-नव्याचा वाद प्रथम मिटवूं. हें गीत जन्मलें तेंच घरगुती साजांत. योजेफ मोर या तरुण धर्मोपदेशकानें 1816 मध्यें कविता लिहिली. 24 डिसेंबर 1818 रोजीं शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांनीं तिला चाल लाविली, आणि त्याच रात्रीं साल्झबर्गनजीकच्या ओबर्नडॉर्फ गांवच्या चर्चमध्यें दोघांनीं ती गिटारच्या साथीवर म्हटली. (ऑर्गनचा भाता उंदरांनीं कुरतडल्याची कथा रसाळ खरी, पण मागाहूनची.) तेव्हां पहिल्या कडव्यास निव्वळ गिटार ठेवण्यांत मुलानें औचित्यच साधलें आहे. तेथें त्याचा आवाज शेजारीं बसून गाणाऱ्याचा वाटतो. तें कडवें त्यानें मुळींच बदलूं नये.

बिघाड दुसऱ्या कडव्यापासून होतो. या चालीचें चलन सहा मात्रांचें, तीन-तीनांच्या दोन झोक्यांचें, आपल्या दादऱ्याच्या वळणाचें आहे. पाळणा हालतो तो या झोक्यावर. मुलानें तिला केरव्यासारखा चार-चारांचा ठेका दिला. त्यामुळें तिसरी मात्रा ओढून चौथीपर्यंत न्यावी लागते आणि शब्द मध्येंच ताटकळत राहतात. ड्रम हवेच असतील, तर ते दादऱ्यांतहि वाजतात!

खरी अडचण शेवटीं आहे. आजची रूढ चाल मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत फिरते. साध्या गळ्यास हा पल्ला थोडा नव्हे. तिचें शिखर उपांत्य ओळींत, आणि मग शेवटची ओळ तार षड्जावरून मध्य षड्जावर उतरते, मूल हळूहळू निजावें तशी. नेमकी याच कडव्यांत मुलानें पट्टी चढविली व सर्व वाद्यें एकदम सोडून दिलीं. परिणाम भव्य आहे, पण निजत आलेलें बाळ दचकून उठेल. शिवाय नाताळच्या रात्रीं हें ध्वनिमुद्रण लावून घरच्या सर्वांनीं त्याबरोबर गावें, असा त्याचाच हेतु. त्याच्या मातोश्री दरवर्षीं हें गीत म्हणतात. चढविलेल्या पट्टींतला तो तार मध्यम त्यांच्या गळ्यास झेपेल काय, हें त्यानें त्यांस विचारलेंहि नव्हतें.

त्याचें उत्तर आलें आहे. ठेका बदलला; पट्टी मात्र तशीच आहे, कारण तें स्थळ त्याच्या फार आवडीचें. आईकडून एकदां तेवढें कडवें म्हणवून घे, असें आम्हीं उलट टपालीं कळविलें आहे.