काट्यावर ओलावाही भरतो

मळणी झाल्या झाल्या बाजार समितीत नेलेलं सोयाबीन आणि चार दिवस उन्हात वाळवून नेलेलं सोयाबीन यांत काय फरक पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. अडत्या काट्याकडं नंतर बघतो. आधी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. आता हिशेब बघा. बारा टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन घेतलं, तर त्यात कोरडा माल ८८ किलो. त्याच मालात ओलावा १८ टक्के असेल, तर काट्यावर तो १०७ किलोच्या पुढं भरतो. दाणा एकही वाढलेला नसतो. वाढतं ते पाणी.

हा हिशेब आपण मालाला लावतो, पण स्वतःच्या देहाला लावत नाही. वजन कमी करायला निघालेला माणूस तीन आठवडे पथ्य पाळतो, काट्यावर उभा राहतो, काटा एक किलो वर गेलेला दिसतो आणि सगळं सोडून देतो. म्हणून आज शेतीच्या पानावर माणसाच्या वजनाचा विषय घेतला आहे.

गिरणगावात काय बदललं

आपल्या भागात असं गाव नाही, की ज्याचं एखादं तरी घर लालबाग, परळ, दादर किंवा गिरगावात नाही. आपले वाडवडील तिकडं गेले ते गिरणीत. साचाखात्यात आठ-आठ तास उभ्यानं काम, चालत पाळीला जायचं, चालतच यायचं. जेवण खानावळीत. गिरणगावातल्या या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिथलं भरपेट जेवण कामगाराच्या अंगाला लागायचं नाही, कारण ते पाळीत जिरायचं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आज फिनिक्स मिल, कमला मिल ही नावं राहिली आहेत, आत दुकानं आणि कचेऱ्या आहेत. आजोबा साच्यावर उभे होते, नातू त्याच आवारात संगणकापुढं बसलेला आहे. ताटातली भाकरी कमी झाली असेल, पण वडापाव, फरसाण आणि दिवसाचे सहा चहा वाढले.

आपण गावाकडं आहोत म्हणून सुटलो, असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शहरी बायकांत शंभरात ३३ जणी जादा वजनाच्या निघाल्या, तर खेड्यातल्या शंभरात सुमारे २०. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर आपल्याकडंही आलेच की.

आक्काचा काटा

माझी थोरली बहीण लालबागला चाळीत राहते. रक्तातली साखर काठावर आली, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. आक्कानं भात कमी केला, चहातली साखर बंद केली, संध्याकाळी तासभर चालायला लागली. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले. चाळीत कौतुक झालं. तिसऱ्या आठवड्यात काटा दीड किलो वर. मला फोनवर म्हणाली, "आरं, उपाशी राहून वजन वाढतंय, तर मग चालायचं कशाला? दाजी तर हसायलेत."

हसण्यासारखं काही नव्हतं. साखर काठावर असलेल्या बाईनं चालणं सोडलं असतं, तर नुकसान काट्याचं नव्हतं, तिचं होतं. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं मांडतो.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरीची साठवण. सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली, तर तिच्यात सुमारे २४० कॅलरी. म्हणजे एक किलो चरबी चढायला रोजच्या गरजेवर तीस-बत्तीस भाकऱ्या जादा खाव्या लागतील. आक्कानं दोन दिवसांत एवढं खाल्लं होतं काय? नाही. मग वाढलं ते दुसरंच काहीतरी.

ते बहुतेक वेळा पाणी असतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो. एका ग्रॅम साठ्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा रिकामा होतो आणि पाणी बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं त्यात मोठा वाटा याचाच. पुढं एखाद्या लग्नात नीट जेवलात, की साठा भरतो आणि पाणी परत येतं. पहिली घट सगळी चरबीची नव्हती, तशी ही वाढही चरबीची नाही.

दुसरं कारण मीठ. पापड, लोणचं, फरसाण, सुकट-बोंबील रात्री खाल्ले, की सकाळी अंग पाणी धरून ठेवतं. तिसरं कारण नवा व्यायाम. नांगराला नवा जोडलेला बैल जसा पहिले दिवस अवघडतो, तसे आपले स्नायू दुखतात, किंचित सुजतात आणि काही दिवस पाणी धरतात. चौथं, पोट साफ नसणं. पाचवं बायकांसाठी, पाळीच्या आधी एक-दोन किलो वाढ दिसते आणि नंतर आपोआप उतरते.

खरी वाढ कशी ओळखायची

पण प्रत्येक वेळी पाण्यावर ढकलून चालणार नाही. तीन-चार आठवडे काटा सारखा वर चालला आहे आणि कमरेची नाडी घट्ट होते आहे, तर ती चरबी समजा. तेव्हा ताटाचा हिशेब काढा.

उपवासाचंच बघा. म्हण जुनी आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. पाऊण वाटी नव्हे, मोजूनच घेऊ. ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि १५ ग्रॅम तूप, एवढ्याच्या खिचडीत साडेपाचशे कॅलरी सहज होतात. म्हणजे दोन भाकऱ्यांपेक्षा जास्त. साबुदाणा म्हणजे तमिळनाडूत सेलमच्या बाजूला पिकणाऱ्या कंदाचा, टॅपिओकाचा, निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. श्रावणात आठवड्याला दोन उपवास, वर दादर-गिरगावातला साबुदाणा वडा, आणि मग म्हणायचं, उपवास करूनही वजन वाढलं. श्रद्धेनं उपवास जरूर करा, पण तो वजन उतरवण्याच्या खात्यावर लिहू नका.

चहाचंही तसंच. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम साखर. त्याच्या कॅलरी एका भाकरीइतक्या. महिन्याला सात हजारांच्या वर. एक भाकरी कमी केली आणि चहा तेवढाच ठेवला, तर फिटंफाट.

काहीजण उलट्या टोकाला जातात, एकदम अर्धपोटी राहतात. अमेरिकेत मिनेसोटा इथं १९४४-४५ मध्ये अन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पावपट घटलं. पण पोटभर खायला मिळाल्यावर आधी भरून निघाली ती चरबी, स्नायू मागं राहिले. वैरणीविना खंगलेल्या बैलाला नुसता भुसा घालून त्याचं बळ परत येत नाही, तसंच हे. म्हणून डाळ, उसळ, दूध, अंडी, मासळी ताटातून काढू नका. कमी करायचं ते तेल, साखर, तळण.

वजन तेच राहून चरबी वेगळी असू शकते, याचा एक नामी दाखला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' मध्ये दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली हाडापेरानं बारीक दिसणारी माणसं पोटात चरबी धरतात ती अशी. म्हणून काट्याइतकीच टेप महत्त्वाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर, याच्या आत असावी.

टेप आपल्याला नवी नाही. मोठा काटा नसला, तर आपण जनावराच्या छातीचा घेर इंचात घेतो, त्याला त्यानंच गुणतो, लांबीनं गुणतो आणि ६६० नं भागतो. घेर ६० आणि लांबी ५४ इंच असेल, तर वजन २९५ किलोच्या आसपास. आणि हे माप घेतो ते सकाळी, वैरण-पाण्याच्या आधी. गाईला जो न्याय, तो घरधनिणीला का नको?

ही वाढ मात्र अंगावर काढू नका

आक्काच्याच चाळीतल्या एका मावशींचं वजन आठवड्यात चार किलो वाढलं. शेजारणी म्हणाल्या, सुनेच्या हातचं मानवलं. पण चप्पल पायात शिरेना आणि रात्री उताणं झोपलं की दम लागायचा. रुग्णालयात नेलं तेव्हा कळलं, हृदय दमलं होतं आणि अंगात पाणी साठत होतं. वेळेत नेलं म्हणून निभावलं.

तेव्हा ध्यानात ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ, पायावर बोट दाबलं की खड्डा राहणं, सकाळी चेहरा सुजणं, आडवं झाल्यावर धाप, लघवी कमी होणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काटा हळूहळू चढतो आहे, थंडी सोसत नाही, केस गळतात, मरगळ आहे, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. तरण्या पोरींची पाळी लांबत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड, इन्सुलिन, साखरेच्या काही गोळ्या आणि मनाच्या आजाराची काही औषधं यांनीही वजन वाढतं. पण म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारून बदलता येते.

वहीत काय लिहायचं

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर पूर्वी वजनाचं यंत्र असायचं. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आजही पुष्कळ लोक काट्याचा आकडा भविष्यासारखाच वाचतात. तसं करू नका.

घरातला एकच काटा वापरा, तो फरशीवर ठेवा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन घ्या. रोज घेतलंत तरी आठवड्याची सरासरी काढा आणि या आठवड्याची गाठ मागच्या आठवड्याशी घाला, आजची कालशी नको. पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. घरात माणशी महिन्याला किती तेल लागतं, तेही लिहा. अर्धा किलोच्या आसपास असावं. महिन्याला एक-दोन किलो घट म्हणजे चांगलं पीक.

आक्कानं चालणं सोडलं नाही. पाचव्या आठवड्यात काटा खाली आला. तो पहिल्या आठवड्याएवढाही उतरला नव्हता, पण कंबर तीन सेंटिमीटरनं कमी भरली होती. आता दाजीही तिच्याबरोबर चालायला जातात.

तुमचंही कुणी मुंबईला असं काट्याला वैतागलेलं असेल, तर हे कात्रण पाठवा. आणि पाय सुजलेत का, दम लागतो का, एवढं फोनवर आधी विचारा.