पहिली नजर किती खरी?

"माणूस बघितला की मी ओळखतो," असे सांगणारे वस्तीत घरोघरी सापडतात. नवा भाडेकरू असो, मुलीला पाहायला आलेला मुलगा असो की कंपनीतला नवा सुपरवायझर. पाच मिनिटांत आपण शिक्का मारून मोकळे होतो. हा सरळ, तो लबाड. आपल्यावरही रोज कोणीतरी असाच शिक्का मारत असते. हे अंदाज किती बरोबर ठरतात, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. त्याचा आपल्या आरोग्याशी जवळचा संबंध आहे.

नजरेला काय दिसते?

पहिली नजर अगदीच आंधळी नाही. भारतात जन्मलेल्या नलिनी अंबाडी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांचे ३० सेकंदांपेक्षाही छोटे, आवाज बंद केलेले व्हिडिओ त्यांनी अनोळखी लोकांना दाखवले. त्या लोकांचे मत, सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांनी दिलेल्या मताशी बरेच जुळले. कोण बोलका, कोण बुजरा, कोण उत्साही, हे आपल्याला लवकर कळते.

पण प्रामाणिकपणा? तिथे नजर फसते. खरे-खोटे ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशोब २००६ मध्ये झाला. शंभरांत साधारण ५४ वेळाच लोकांचे उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी ५० वेळा बरोबर आलेच असते. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या प्रयोगात दिसले की, चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी 'हा भरवशाचा' असे मत तयार होते. जास्त वेळ बघू दिले तरी मत फारसे बदलत नाही, फक्त स्वतःच्या मताची खात्री वाढते.

सर्वांत कमी दिसते ते मनातले दुःख. काळजी, उदासी, भीती माणूस झाकून ठेवतो. हसून बोलणारी शेजारीण आतून खचलेली असू शकते.

शिक्का कपड्यांचा आणि आडनावाचा

आपल्याकडे नजर चेहऱ्यावर थांबत नाही, ती जात शोधते. १९०१ सालची मसूर स्टेशनवरची गोष्ट बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. लहानगा भीमराव, भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते. अंगावर नवे, चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणांची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. 'आम्ही महार' असे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला. मुले तीच होती, कपडे तेच होते. त्यानंतर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, असे ठरले.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१७ मध्ये आपल्या पुण्यातच एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकिणीने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार केली होती, ती पुढे मागे घेतली. स्वयंपाक जेवून किंवा माणूस बघून जात कळली नव्हती. बाहेरून कळल्यावरच मत फिरले.

नोकरीत तर नजर पडण्याआधीच आडनाव पोचते. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दलित वाटणाऱ्या नावांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. म्हणून मुलाखतीचे पत्र आले नाही तर 'आपल्यातच कमी आहे' असे मुलांनी मनाला लावून घेऊ नये. असे पुन्हा पुन्हा नाकारले जाण्याने झोप उडते, आत्मविश्वास खचतो. घरच्यांनी टोमणे न मारता पाठीशी उभे राहावे.

दवाखान्यात काय करावे?

मोठ्या सरकारी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. १९८४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांतच तोडल्याचे दिसले. तेवढ्यात आपल्या कपड्यांवरून, भाषेवरून अंदाज बांधला जाऊ शकतो. म्हणून एका चिठ्ठीवर लिहून न्या: त्रास काय, किती दिवसांपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शुगर-बीपी आहे का. सर्वांत मोठा त्रास सर्वांत आधी सांगा. 'टेन्शन आहे, बाकी काही नाही' असे ऐकायला मिळाले आणि त्रास थांबला नाही, तर पुन्हा जा, 'आणखी कोणती तपासणी लागेल का?' असे स्पष्ट विचारा. तो आपला हक्क आहे.

आपणही शिक्का मारू नये

नशा करणारा, गप्प बसणारा, चिडचिडी सून, यांच्यावर आपणही चटकन शिक्का मारतो. संयुत्त निकायात राजा पसेनदीची कथा आहे. वाटेने जाणाऱ्या तपस्व्यांना हात जोडून त्याने 'हे अर्हत आहेत' असे म्हटले. तथागतांनी त्याला सांगितले की, माणसाचे शील सहवासाने कळते, तेही दीर्घ काळाने आणि नीट लक्ष दिले तरच. धैर्य संकटात कळते आणि प्रज्ञा संवादातून. मग राजानेच कबूल केले की ते तपस्वी त्याचे हेर होते!

शेजारी कोणी दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, कामाला जात नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर 'नाटक करतोय' म्हणू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. नंबर दारामागे लिहून ठेवा आणि पहिला फोन लावायला त्याच्यासोबत थांबा.