चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे पंपच गेला असं नाही

वलीम्याला वेळेवर पोहोचायचं म्हणून आम्ही ठाण्याहून पहाटे निघालो होतो. माणगाव मागे पडलं आणि गाडीची ओढच गेली. समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि थोड्या अंतरावर गाडी बंद. आत अम्मी, खाला आणि दोन पोरं. जवळच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड पाहिला आणि पाच मिनिटांत सांगून टाकलं, "पंप गेलाय, साडेनऊ हजार होतील." घाईत होतो, हो म्हटलं. दुपारी गाडी सुरू झाली, खेडला पोहोचलो, जेवण मात्र चुकलं. आठ दिवसांनी पुन्हा तोच दिवा, तोच कोड. या वेळी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने रिलेच्या सॉकेटमधली गंजलेली पिन दाखवली. खर्च साडेतीनशे रुपये. जुना पंप चांगलाच होता.

मग पहिल्यांदा गाडी चालू कशी झाली? पंप काढण्याआधी लाइनमधलं प्रेशर उतरवायला रिले किंवा फ्यूज काढतात. त्याने रिले काढून परत दाबून बसवला, तेवढ्यापुरती पिन टेकली. श्रेय पंपाला गेलं.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण असे पैसे बऱ्याच घरांतून जातात. पेट्रोल गाडीत पंप टाकीच्या आतच असतो, बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली. त्याला बराच करंट लागतो, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्याला थेट वीज देत नाही. मध्ये रिले असतो. रिलेला दोन बाजू: एक बारीक कॉइल, जी ईसीयू चालू-बंद करतो, आणि दुसरी जाड संपर्काची, जिच्यातून बॅटरीची वीज पंपाकडे जाते.

आता कोड बघा. पी०२३० म्हणजे फ्यूएल पंपाच्या प्रायमरी सर्किटमध्ये दोष. पी०६२७ म्हणजे पंपाच्या कंट्रोल सर्किटमध्ये दोष किंवा वायर तुटलेली. दोन्हींत शब्द आहे सर्किट. ईसीयूला एवढंच कळलंय की आपण हुकूम दिला पण वायरीवर अपेक्षित व्होल्टेज दिसत नाही. कित्येक गाड्यांत तो फक्त कॉइलची बाजू तपासतो. पलीकडे पंप फिरतोय की नाही हे त्याला दिसतही नाही. त्यामुळे या कोडवर थेट पंप बदलणं म्हणजे घरात लाइट नाही म्हणून पंखा बदलण्यासारखं झालं. पी००८७ वेगळा. तो सांगतो की इंधनाचं प्रेशर कमी पडतंय. तिथे पंपावर शंका घ्यायला जागा आहे, पण तुंबलेला फिल्टरही असू शकतो.

तपासणीची सुरुवात कानाने करा. रेडिओ, एसी बंद. चावी ऑनवर आणा, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटजवळ साधारण दोन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, मग थांबतो. हा पंप प्रेशर भरतोय. (काही नव्या गाड्यांत दार उघडतानाच हा आवाज येऊन जातो.) आवाजच नाही, तर फ्यूज बघा, डब्याच्या झाकणावर नकाशा असतो. फ्यूज जळलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर मोठा घालू नका, वायर कुठेतरी शॉर्ट आहे. मग रिले. त्याच डब्यात हॉर्नचा किंवा दुसरा अगदी त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. पिना हिरवट झाल्यात का, सॉकेट वितळल्यासारखं दिसतंय का, हेही बघा. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे फार होतं. उंदरांनी कुरतडलेली वायर हा दुसरा नेहमीचा प्रकार.

यापुढचं काम मेकॅनिकचं, पण त्याच्याकडून ते करून घ्या. पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावून, इंजिन फिरवत असताना व्होल्टेज मोजायचं. बॅटरीइतकंच, म्हणजे जवळपास तेवढंच, तिथे पोहोचतंय, अर्थ नीट आहे, आणि तरी पंप गप्प? मग पंप गेला. व्होल्टेज पोहोचतच नसेल तर पंपाला हात लावायचा नाही, वायर धरून मागे जायचं. एक गोम आहे: कनेक्टर सुटा करून मोजलं तर गंजकी वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. लोड आल्यावरच ती उघडी पडते. म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवूनच मोजायला सांगा. काही गाड्यांत पंपाचा वेग ठरवणारं वेगळं कंट्रोल मॉड्यूल असतं, तिथे रिलेच्या जागी वायर घालून थेट वीज देण्याचा जुगाड करू देऊ नका.

पंप खरोखर म्हातारा झाला की आधी कुरकुरतो. आवाज मोठा होतो, घाटात, गरम झाल्यावर ओढ कमी होते, थंड झाल्यावर गाडी पुन्हा ठीक चालते. सीएनजीवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. पेट्रोल लागतच नाही म्हणून आपण टाकीत जेमतेम शंभर-दोनशेचं ठेवतो. पण पंप थंड राहतो तो पेट्रोलमुळेच, आणि काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो फिरत असतो. पाव टाकी तरी असू द्या.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर जपून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, बाजूला घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर चावी बंद, सगळ्यांना खाली उतरवा, आणि जवळपास कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका.

स्कॅनर लावल्यावर कोड लगेच पुसू देऊ नका. आधी मोबाइलवर फोटो काढा. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, इंजिनचं तापमान असा तपशीलही बहुधा साठवलेला असतो, पुसला की तोही जातो. पार्ट बदललाच तर जुना पार्ट मागून घ्या. आमचा जुना पंप आता डिकीत आहे, स्पेअर म्हणून.