पऱ्हाटी : सरपण की कच्चा माल?

कापसाची शेवटची वेचणी उरकली की परभणी, मानवत, सेलू परिसरात पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात. काही चुलीत जातात, बाकीच्या तेथेच पेटविल्या जातात. श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत दवाग्नि लावणे हेही एक आहे, आणि त्या ढिगांत असंख्य जीव आश्रयाला असतात. अर्थात बोंडअळीसाठी शेत वेळेवर मोकळे करावेच लागते, हे शेतकऱ्याचे म्हणणेही रास्त आहे.

प्रश्न उपटलेल्या पऱ्हाटीचा आहे. लाकडाप्रमाणे तिच्यातही सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असते. रेणूंच्या या लांबच लांब साखळ्या होत. त्या तोडल्या की रसायने हाती येतात. हेमिसेल्युलोजपासून फरफ्युरल मिळते. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने 1922 मध्येच ओटच्या टरफलांपासून त्याचे उत्पादन सुरू केले. नॉर्वेत लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलाचा सुगंध देणारे व्हॅनिलिन बनते.

सेल्युलोजचे तंतू सुटे करीत मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याइतके बारीक केले की नॅनोसेल्युलोज तयार होते. कागदाला व काँक्रीटला बळकटी देण्यासाठी, वेष्टनाच्या पापुद्र्यांसाठी आणि रंग दाट करण्यासाठी ते उपयोगी पडते. मुंबईत माटुंग्याला 1924 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला. क्षमता आठ तासांच्या पाळीत दहा किलो. त्यासाठी सरकीवर उरणारी बारीक लव, म्हणजे लिंटर, चालते. जिनिंग आणि तेलगिरणी करणाऱ्या घरांना ती परकी नाही.

परंतु व्यापाऱ्याने येथे वजनकाटा पाहावा. नॅनोसेल्युलोज बहुधा पातळ लगद्याच्या रूपात असते. शंभर किलोत घन माल दोन-तीन किलो, बाकी पाणी. वाळविले तर तंतू पुन्हा चिकटतात. म्हणजे भाडे पाण्याचे भरावयाचे. पऱ्हाटीचेही तसेच : आकाराने मोठी, वजनाने हलकी, आणि हंगाम दोन-तीन महिन्यांचा. म्हणून जिल्ह्यात आरंभ करावयाचा तर याच संस्थेने विकसित केलेला पऱ्हाटीच्या भुशाचा दाबफळा, म्हणजे पार्टिकल बोर्ड, अधिक व्यवहार्य वाटतो. ब्रिकेटच्या धंद्यात आग केवळ शेतातून भट्टीत जाते.

आणखी एक. ‘जैविक पॉलिमर’ या गोड नावाखाली कायटोसानही विकले जाते. ते मुख्यतः कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. भागीदारीच्या कागदावर सही करण्यापूर्वी कच्चा माल कोणता, हे लेखी विचारावे. बुरशीपासूनही कायटोसान मिळते. ते श्रावकास चालेल काय, हे मात्र महाराजसाहेबांनाच विचारावे लागेल.