मूत्रपिंडातल्या हंगामी पेशी

संपादकांनी पाठवलं होतं ते महाविद्यालयांमधल्या जुन्या प्राणिसंग्रहांवर लिहायला. मराठवाड्यातल्या एका जुन्या महाविद्यालयात बरण्या बघून झाल्या, भुसा भरलेले पक्षी झाले, घोरपडीचा सांगाडाही झाला. मी वही मिटणार तेवढ्यात प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "मॅडम, पेट्या राहिल्या ना बघायच्या." पेट्या म्हणजे स्लाइडच्या लाकडी पेट्या. त्यातल्या एकीच्या झाकणावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'पाल, नर, मूत्रपिंड. जानेवारी ते डिसेंबर.' विभागातल्या एका प्राध्यापकांनी कित्येक वर्षांपूर्वी आपल्या संशोधनासाठी हा संच तयार करवून घेतला होता आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक छेद मामांच्या हातचा होता. बाकीचा संग्रह मी वाचकांना पुन्हा कधीतरी दाखवीन. हा लेख त्या एका पेटीबद्दल आहे.

मामांनी आधी मार्चची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली. मूत्रपिंडाचा छेद म्हटल्यावर जे दिसायला हवं ते होतंच: केशवाहिन्यांचे बारके गुच्छ आणि आडव्या कापलेल्या नलिकांची फिकट वर्तुळं. पण त्यांच्यामध्ये काही वर्तुळं भलतीच मोठी आणि गर्द गुलाबी होती. त्यांच्या पेशी उंच, एकमेकींना खेटून उभ्या. प्रत्येकीचं केंद्रक तळाशी दाबलं गेलेलं आणि वरचा सगळा भाग बारीक दाण्यांनी गच्च भरलेला. मग त्यांनी जुलैची स्लाइड लावली. तीच जात, तोच अवयव, पण गुलाबी वर्तुळं नाहीशी झालेली. त्या जागी बुटक्या, चौकोनी पेशींच्या अरुंद नलिका होत्या आणि दाण्यांचा मागमूसही नव्हता. मी पुन्हा मार्च मागितला, पुन्हा जुलै. मामा न कंटाळता बदलत राहिले.

नर पालीचा, सरड्याचा किंवा सापाचा जननमार्ग थोडक्यात असा. वृषणातल्या नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात. अमेरिकी अभ्यासक केविन ग्रिबिन्स यांनी अनेक जातींमध्ये दाखवलंय की या वृषणाची रचना सस्तन प्राण्यांसारखी असली तरी शुक्राणू घडवण्याची रीत बेडकांच्या जवळची आहे, म्हणजे हंगामातली सगळी पिढी साधारण एकत्र पुढे सरकते. वृषणातून निघालेले शुक्राणू बारीक अपवाही नलिकांतून जातात. तिथे केसल पेशी द्रव हलता ठेवतात आणि त्यांच्या शेजारच्या बिनकेसाच्या पेशी तो शोषून घेतात. पुढे अधिवृषण लागतं. सुतळीच्या गुंडीसारखी वेटोळी घातलेली ही एकच लांब नळी. तिच्या पेशीही स्राव सोडतात. युरोपातल्या लासेर्टा विविपारा या सरड्याच्या अधिवृषणातून सुटणारी प्रथिनं शुक्राणूंच्या डोक्याला जाऊन चिकटतात, हे फ्रान्समध्ये द्युफोर आणि देपेज यांच्या गटानं वर्षानुवर्षं खपून उलगडलं. आपल्याकडे तिरुचिरापल्लीला एम. ए. अकबरशा आणि सहकाऱ्यांनी सिताना पाँटिसेरियाना या पंखागळ्याच्या सरड्याच्या अपवाही नलिका आणि अधिवृषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी-पेशीनं तपासलं. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांखाली निळा-काळा-केशरी गळा फुलवणारा सरडा, ज्याला 2016मध्ये सारडा सुपर्बा असं शास्त्रीय नाव मिळालं, तो याच सितानाचा जवळचा नातेवाईक. पठारावर कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांना त्याचा गळा दिसतो. मला आता त्या गळ्याच्या बरोबरीनं आत काय काय फुलत असेल ते आठवत राहतं.

कारण अधिवृषणाच्या पुढे या प्राण्यांकडे फारसं काही नाही. सस्तन नरांकडे पुरःस्थ ग्रंथी आहे, बहुतेकांकडे शुक्राशय आहे. वीर्याचा बराचसा द्रव तिथून येतो. सरडे आणि साप यांच्याकडे यातलं काहीच नाही. त्यांनी ते काम मूत्रपिंडाला दिलं. मूत्रनलिकेचा शेवटचा टप्पा, काही जातींमध्ये पुढची संग्राहक नलिका आणि थेट मूत्रवाहिनीसुद्धा, प्रजननाच्या हंगामात ग्रंथी बनते. मूत्रवाहिनी आणि शुक्रवाहिनी अवस्कराजवळ, म्हणजे मलमूत्राच्या सामाईक द्वाराजवळ, एकत्र येतात, तिथे हा स्राव शुक्राणूंना मिळतो. कासवांमध्ये हे नाही, मगरींमध्ये नाही. फक्त सरडे आणि साप यांच्या कुळानं हा मार्ग धरला.

1903मध्ये फ्रान्समधल्या रगो आणि पोलिकार यांनी सापांच्या मूत्रपिंडातल्या या भागाचं वर्णन केलं आणि त्याला 'लैंगिक खंड' म्हटलं. यातले क्लोदियुस रगो पुढे पॅरिसच्या रेडियम संस्थेत मेरी क्युरी यांच्या बरोबरीनं काम करू लागले. मेंढ्याच्या वृषणावर किरणांचा मारा एकदम न करता थोडा थोडा विभागून केला, तर त्वचा न जळता शुक्राणूनिर्मिती थांबते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. आज कर्करुग्णाला रेडिएशन रोज थोडं थोडं देतात, त्या पद्धतीमागे हे काम आहे. सापाच्या मूत्रपिंडात डोकावणं हा रिकामटेकडा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी रगोंचं चरित्र जरूर वाचावं.

आपल्या घरातल्या पालीवरचं, म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिसवरचं, मोठं काम दिल्ली विद्यापीठात झालं. एम. के. सान्याल आणि एम. आर. एन. प्रसाद यांनी 1966मध्ये तिच्या लैंगिक खंडाची रचना मांडली आणि पुढे संप्रेरकांचा त्यावर होणारा परिणामही तपासला. मूळ गोष्ट अशी की या पेशी टेस्टोस्टेरॉनच्या आज्ञेत असतात. वृषण काढलं की त्या खचतात, दाणे आटतात. टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा उंच होतात, प्रथिनं घडवणारं जाळं आणि गॉल्गी पसरतं, दाणे साचू लागतात. मादीला ते दिलं तरी तिच्या मूत्रपिंडातही हा बदल घडवून आणता येतो. म्हणजे क्षमता दोघांतही आहे, हाक एकालाच जाते. दाणे बाहेर पडण्याची रीतही जातीजातीत वेगळी असते. कुठे ते पेशीपटलातून एकेक करून सुटतात, कुठे पेशीचं टोकच तुटून नलिकेत जातं.

या स्रावाचं काम सर्वांत स्पष्ट दिसलं ते दूर कॅनडात. मॅनिटोबातल्या नार्सिसला चुनखडीच्या बिळांमधून वसंतात हजारोंनी गार्टर साप वर येतात आणि लगेच मिलनाला लागतात. गंमत अशी की तेव्हा नराचं वृषण आक्रसलेलं असतं. शुक्राणू आदल्या उन्हाळ्यात तयार होऊन सगळा हिवाळा शुक्रवाहिनीत थांबलेले असतात. मिलनानंतर मादीच्या अवस्करात लैंगिक खंडाच्या स्रावाचा एक घट्ट, चिकट बूच तयार होतो. 1975मध्ये डिव्हाइन यांनी त्याचा अर्थ लावला तो दुसऱ्या नरांना अडवणारा अडसर असा. पुढे ख्रिस फ्रीझन आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये दाखवलं की बुचाच्या आतच शुक्राणू असतात आणि तो काही दिवसांत विरघळत जाताना ते हळूहळू सुटतात. बूच नसेल तर शुक्राणू वाहून जातात. मला हा दुसरा अर्थ जास्त पटतो. पेशीनं महिनोन्‌महिने दाणे साठवावेत ते केवळ शेजाऱ्याचं दार बंद करायला, हे आधीपासूनच अपुरं वाटत होतं.

आता मामांकडे येते. निवृत्तीला थोडाच काळ उरलेला हा माणूस बारावी पास. मूत्रपिंड बाहेर काढलं की लगेच बुआँच्या पिवळ्या द्रावणात टाकायचं, दिरंगाई झाली की पेशी स्वतःलाच पचवू लागते, हे त्यांना पाठ आहे. मग चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, झायलीन, साठेक अंशांवर वितळलेलं मेण, आणि पितळी साच्यात ओतलेला ब्लॉक. छेद कापणाऱ्या मायक्रोटोम यंत्राचं चाक त्यांनी माझ्यासमोर फिरवून दाखवलं, एका सरावाच्या ब्लॉकवर. पाच मायक्रॉन जाडीचे छेद एकाला एक चिकटून पट्टी सरकत आली. त्यांनी ती ओल्या ब्रशनं उचलली आणि कोमट पाण्यावर सोडली. सुरकुत्या आपोआप उलगडल्या.

"एप्रिलात इथं वॅक्स नरम पडतंय," ते म्हणाले. "मग ब्लॉकला बर्फ लावायचा, पंखा बंद करायचा. थंडीत उलटं, हवा कोरडी, रिबन सुरीलाच चिकटून बसतीय. चाक सारख्या वेगानं फिरलं पाहिजे, मॅडम. मधी थांबलात की जाड-बारीक झालं."

"आणि रिबन तुटली तर?"

"पुढचे छेद घ्यायचे. ब्लॉक संपला तर मात्र तो महिना गेला. पुढच्या वर्षीची वाट बघायची."

या शेवटच्या वाक्यात या शास्त्राची सगळी अडचण आहे. हंगामी पेशी समजून घ्यायची तर वर्षाचे बारा महिने हवेत, प्रत्येक महिन्याचे अनेक नर हवेत आणि सगळे छेद सारख्या हातानं कापलेले हवेत. तसे संच आता फारसे तयार होत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2011पासून पदवी-पदव्युत्तर वर्गांतलं विच्छेदन कमी करत नेलं आणि 2014मध्ये ते पूर्ण थांबवलं. मला तो निर्णय योग्यच वाटतो. वर्गागणिक शेकडो बेडूक मारण्याचं समर्थन कुणी करू नये. संशोधनासाठी परवानग्यांची वेगळी वाट आहे, समित्या आहेत, आणि त्याही असाव्यात. पण विच्छेदन थांबलं तसं छेद कापण्याचं शिक्षणही थांबलं, हे कुणी ठरवून केलं नव्हतं. मामांच्या जागी कुणाची नेमणूक होईल अशी चिन्हं नाहीत. मायक्रोटोमच्या सुरीला धार लावून देणारा शहरात एकच माणूस होता, त्यानं तो धंदा सोडलाय.

स्लाइडही कायमच्या नसतात. इओसिनचा गुलाबी रंग उजेडानं उडतो आणि इथे तर ओळख पटते ती त्या गुलाबी रंगावरूनच. चिकटवलेलं माध्यम कडांकडून आक्रसतं, आत हवेचे बुडबुडे शिरतात. ऑगस्टच्या दोन स्लाइडवर ते शिरलेत. पेटीवर महिने आहेत, पण वर्ष नाही, गाव नाही, किती पाली होत्या ते नाही. प्राध्यापकांची नोंदवही मिळाली तरच या संचाला शास्त्रात पुरावा म्हणून उभं राहता येईल.

आणि हा पुरावा लागणार आहे. फ्लोरिडातल्या अपोप्का तळ्यात 1980मध्ये कीटकनाशकं सांडली. लुई गिलेट यांच्या गटानं 1994मध्ये नोंदवलं की तिथल्या मगरींच्या लहान नरांमध्ये टेस्टोस्टेरॉन खूपच कमी, वृषणांची रचना विस्कळीत आणि शिश्नं खुरटलेली आहेत. हे दिसलं ते वुड्रफ तळ्यातले नर तुलनेला होते म्हणून. आपल्या कापसाच्या आणि द्राक्षाच्या शिवारांत फवारणी थांबत नाही, आणि त्या शिवारातल्या घरांच्या भिंतींवर पाली आहेत, बांधांवर सरडे आहेत. ज्याच्या पेशींची उंचीच टेस्टोस्टेरॉनवर ठरते असा अवयव त्यांच्या अंगात आहे. उद्या कुणी मार्चमधल्या नराचं मूत्रपिंड कापून पेशी बुटक्या का, असं विचारलं, तर कित्येक वर्षांपूर्वीचा मार्च समोर ठेवावा लागेल.

विभागप्रमुख बाईंनी स्लाइड स्कॅन करून घेण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे दिलाय. दरम्यान त्यांनी पेटी खिडकीजवळून काढून लोखंडी कपाटात ठेवायला सांगितलं आहे आणि नोंदवहीसाठी प्राध्यापकांच्या मुलीला पत्र लिहिलं आहे. मामांनी एम.एस्सी.च्या दोन मुलींना शनिवारी दुपारी चाकावर बसवायला सुरुवात केली आहे, कोंबडीच्या दुकानातून आणलेल्या यकृताच्या ब्लॉकवर. त्यांचे छेद अजून जाड येतात.