चित्रकथा आणि मुलांचें वाचन

चित्रकथा मुलांची वाचनाची गोडी मारते, असा आक्षेप घरोघरीं ऐकूं येतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

बेल्जमच्या एर्जे या चित्रकारानें १९२९ सालीं टिनटिन हा धाडसी बातमीदार निर्माण केला. १९३४ सालीं चँग या चिनी विद्यार्थ्याशीं स्नेह जुळल्यावर तो परदेशची प्रत्येक इमारत नि पोशाख अभ्यासून काढूं लागला. आपल्या मुंबईंत अनंत पै यांनीं १९६७ सालीं ‘अमर चित्र कथा’ ही माला आरंभिली. तींतील ‘कृष्ण’ या अंकाचीं चित्रें राम वाईरकर यांचीं. ‘टिंकल’मधील भोळा सुप्पंडीही त्यांच्याच कुंचल्यांतून उतरला.

चित्रकथेचें मर्म दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टींत आहे. एका चौकटींत हात उगारलेला, पुढच्या चौकटींत शत्रु पडलेला. मधला प्रहार मुलाच्या कल्पनेंतच घडतो. अर्थात् येथें वाचक स्वस्थ बसलेला नसतो. मात्र एक धोका खरा आहे : चित्रांतला कृष्ण एकदां मनावर ठसला, कीं तोच एकमेव वाटूं लागतो. म्हणून चित्रकथा मुलाच्या हातून काढून घेऊं नये. तिच्या शेजारीं मूळ कथेचें पुस्तक ठेवावें आणि वडील माणसांनीं तें मोठ्यानें वाचून दाखवावें.